पन्नास मिलिग्रॅमची गोळी आणि तेरावे गुणसूत्र

२०२२ सालच्या जुलैमध्ये एका सकाळी मी वेणी घालायला बसले आणि कंगव्याबरोबर केसांचा पुंजकाच हातात आला. ओढ बसली नव्हती, दुखलेही नव्हते. भिजलेल्या मातीतून गवताची काडी अलगद सुटून यावी तसे केस मुळासकट सुटून आले होते. ॲझाथायोप्रिन या औषधाची गोळी सुरू झाल्याचा तो अठरावा दिवस होता, पण तेव्हा मी दिवस मोजले नव्हते. पावसाळ्यात केस गळतातच, असे शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि आमच्याकडे आषाढ-श्रावणात बायका एकमेकींना हेच सांगत असल्यामुळे मलाही ते पटले. केस का गळत होते याचे उत्तर आणखी पाच आठवड्यांनी, एका जनुकीय चाचणीच्या अहवालातून मिळायचे होते. त्या चाचणीपर्यंत मी कशी पोहोचले आणि त्यानंतर माझे उपचार कसे बदलले, ते जमेल तितके तपशिलाने इथे लिहीत आहे.

मी कराडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. २०१६ पासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा जुनाट आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, अस्तराला व्रण पडतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते, आणि दिवसातून दहा-बारा वेळा जावे लागू लागले की माणसाचा सगळा दिनक्रम स्वच्छतागृह किती लांब आहे यावर ठरू लागतो. मेसालामाइनच्या गोळ्यांवर पहिली चार वर्षे बरी गेली. नंतर आजार वर्षातून दोन-तीनदा उसळू लागला आणि दर वेळी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा आधार घ्यावा लागला. स्टेरॉइडने रक्त आठवडाभरात थांबते, पण चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि डोस उतरवत आणला की आजार पुन्हा डोके वर काढतो. या स्टेरॉइडपासून सुटका व्हावी म्हणूनच डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन सुचवले. ही निवड चुकीची नव्हती, असे मी आजही म्हणते. गोळी स्वस्त आहे, जगभर या आजारात ती दिली जाते आणि ती वर्षानुवर्षे घेऊन चांगले राहिलेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत.

माझे वजन तेव्हा ५२ किलो होते. वजनाच्या दर किलोमागे दोन ते अडीच मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, म्हणजे मला शंभर ते सव्वाशे मिलिग्रॅम लागणार होते. पण सुरुवात सावधपणे पन्नासच्या एका गोळीने केली. पंधरवड्याने सीबीसी म्हणजे रक्तातील पेशींची मोजणी झाली. पांढऱ्या पेशी ५,८०० होत्या, म्हणजे चार ते अकरा हजारांच्या पट्ट्यात अगदी व्यवस्थित. तो कागद पाहून डोस शंभरवर नेला गेला आणि पुढची तपासणी महिनाअखेरीस ठरली. त्यानंतर तीनच दिवसांनी केस गळायला लागले. मी दवाखान्यात फोन केला, तेव्हा महिनाअखेरच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा, असे सांगण्यात आले. औषधाच्या चिठ्ठीवर ताप किंवा घसादुखी झाल्यास ताबडतोब यावे, असे लिहिले होते. केसांबद्दल काहीच लिहिलेले नव्हते. माझ्या जनुकीय दोषाच्या रुग्णांमध्ये केस झपाट्याने गळणे ही अनेकदा पहिली खूण असते आणि ती पेशी कोसळण्याच्या काही दिवस आधी दिसू शकते, हे मला पुढे कळले. त्या फोनची मला आजही चुटपुट लागते, कारण त्याच दिवशी सीबीसी झाली असती तर पुढचे दिवस काहीसे सौम्य गेले असते.

सव्विसाव्या दिवशी तोंडात फोड आले, घोटभर पाणी गिळवेना आणि संध्याकाळी ताप १०३ वर गेला. गावातल्या लॅबमधून रात्री नऊ वाजता फोन आला. एरवी रिपोर्ट मोबाइलवर येतो. फोन आला तेव्हाच काहीतरी बिनसले आहे हे यजमानांच्या चेहऱ्यावर दिसले. पांढऱ्या पेशी ७०० होत्या. त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी पहिली लढाई करणाऱ्या पेशी, शंभराच्याही आत होत्या. प्लेटलेट ४१,००० होत्या. त्याच रात्री आम्ही पुण्याला निघालो.

रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवले. शिरेतून दोन प्रतिजैविके आणि अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवायला चालना देणारे फिल्ग्रास्टिमचे रोज एक इंजेक्शन सुरू झाले. फुले नकोत, कच्ची फळे नकोत, भेटायला कोणी नको. राखीपौर्णिमेला माझा भाऊ सांगलीहून आला आणि दाराच्या काचेबाहेर उभा राहून त्याने मनगट वर केले; राखी माझ्या मुलीने घरून बांधून पाठवली होती. सातव्या दिवशी डोक्यावर एकही केस उरला नाही. रोज पहाटे पाचला परिचारिका जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन जायची आणि दहाच्या सुमारास आकडा यायचा: ७००, ६००, ६००, ८००. दहाव्या दिवशी १,३०० झाले तेव्हा यजमान खोलीबाहेर जाऊन रडून आले, हे त्यांनी मला खूप नंतर सांगितले. एकूण सतरा दिवस मी तिथे होते.

जनुकीय चाचणीचा विषय पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी काढला तो पाचव्या-सहाव्या दिवशी. ते म्हणाले, "इतक्या लवकर, इतक्या कमी डोसला पेशी अशा खाली येतात आणि केसही जातात, तेव्हा मला एकाच जनुकाचा संशय येतो. पण नमुना आत्ता घ्यायचा नाही." कारण त्यांनी समजावून सांगितले, आणि ते ऐकून मी थक्क झाले. तांबड्या पेशींना केंद्रक नसते, त्यामुळे रक्तातून डीएनए काढायचा तो पांढऱ्या पेशींतूनच. आणि माझ्याकडे त्याच नव्हत्या. ज्या पेशी का नाहीशा झाल्या हे शोधायचे, त्या परत येईपर्यंत थांबणे भाग होते. शेवटी पेशी तीन हजारांवर गेल्यावर, घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी नमुना घेतला. त्यासाठी वेगळे असे काहीच करावे लागले नाही. तीच जांभळ्या झाकणाची नळी, तेवढेच तीन मिलिलिटर रक्त, सोबत दोन पानांचे संमतिपत्र आणि साडेचार हजार रुपये. रुग्णालयाचे बिल तोवर पावणेतीन लाखांच्या पुढे गेले होते. विम्यातून त्यातले बरेचसे मिळाले. चाचणीचे पैसे मात्र बाह्यरुग्ण तपासणी म्हणून नाकारले गेले. ज्या तपासणीमुळे एवढे मोठे बिल टळू शकते तीच विम्याने बाहेर ठेवावी, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

दहा दिवसांनी अहवाल आला. त्यात दोन जनुके तपासली होती. पहिले टीपीएमटी, ते सर्वसाधारण निघाले. दुसरे एनयूडीटी१५. तेराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या संकेतात ४१५व्या जागी 'सी' हे अक्षर असायला हवे, माझ्यात ते 'टी' होते, आणि तेही आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत. एका अक्षराच्या या फरकामुळे त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात १३९व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल येते आणि ते प्रथिन नीट टिकत नाही, काम करत नाही.

ते काम कोणते, हे समजून घेण्यासाठी गोळी पोटात गेल्यावर काय होते ते पाहावे लागते. ॲझाथायोप्रिनचे शरीरात मर्कॅप्टोप्युरीन होते आणि त्यापासून पुढे डीएनएच्या खऱ्या घटकासारखा दिसणारा एक नकली घटक तयार होतो. झपाट्याने विभागणारी पेशी आपला डीएनए रचताना खऱ्याच्या जागी हा नकली घटक बसवते आणि तिची रचना बिघडून ती मरते. आतड्यावर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशी अशा मराव्यात किंवा थंडावाव्यात, हाच औषधाचा हेतू आहे. पण अस्थिमज्जेतल्या आणि केसांच्या मुळांतल्या पेशीही झपाट्यानेच विभागतात. त्या वाचतात, कारण नकली घटकाचा साठा बेताचा राखणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, आपल्याकडे असतात. टीपीएमटी हे औषधाला वाटेतच, आधीच्या टप्प्यावर निकामी करते. एनयूडीटी१५ हे डीएनएच्या उंबरठ्यावर आलेल्या घटकाचे तुकडे करून त्याला आत शिरू देत नाही. माझ्या बाबतीत हा उंबऱ्यावरचा पहारेकरी जन्मापासूनच नव्हता. शंभर मिलिग्रॅम तर सोडाच, पन्नासची गोळीही माझ्या अस्थिमज्जेला झेपणारी नव्हती. रक्तातील औषधाच्या अंशाची पातळी मोजणारी एक वेगळी तपासणी असते, तिने हे आधी कळले असते का, असे मी विचारले. डॉक्टरांचे उत्तर नकारार्थी होते: या दोषात ती पातळी नेहमीसारखीच दिसू शकते, कारण बिघाड औषध किती साठले यात नसून साठलेल्याचा शेवटी निचरा कसा होतो यात आहे.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो या दोन जनुकांच्या इतिहासाने. मर्कॅप्टोप्युरीन आणि ॲझाथायोप्रिन ही गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतली १९५० च्या दशकातली कामगिरी. १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत हे दोघे होते. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड वाइनशिलबौम यांनी दाखवून दिले की टीपीएमटीची क्षमता आनुवंशिक असते, आणि गोऱ्या लोकांमध्ये साधारण तीनशेंत एकाकडे ती जवळजवळ नसतेच. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत औषध सुरू करण्याआधी टीपीएमटी तपासण्याची पद्धत रुजत गेली. पण आशियातल्या डॉक्टरांना एक कोडे पडले होते. त्यांच्या रुग्णांत टीपीएमटीचा दोष कमी आढळत होता, डोसही कमी दिला जात होता, आणि तरीही पांढऱ्या पेशी घटण्याचे प्रमाण जास्त होते. २०१४ मध्ये कोरियातील संशोधकांनी आतड्याच्या अशाच आजाराच्या, म्हणजे क्रोन्सच्या रुग्णांचा अभ्यास करून एनयूडीटी१५ हे उत्तर शोधून काढले. पूर्व आशियात हा बदल सर्रास आढळतो, युरोपीय वंशाच्या लोकांत क्वचित, आणि आपल्या भारतीय उपखंडात शंभरांतल्या साधारण दहा ते पंधरा जणांकडे त्याची निदान एक प्रत असते. दोन्ही प्रती बदललेल्या असलेले माझ्यासारखे लोक अर्थातच फार थोडे. जनुकांनुसार औषधांचे डोस कसे ठरवावेत याची मार्गदर्शक तत्त्वे काढणाऱ्या 'सीपिक' या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये टीपीएमटीच्या जोडीला एनयूडीटी१५ चा समावेश केला. एक प्रत सदोष असेल तर नेहमीच्या डोसच्या तीस ते ऐंशी टक्क्यांपासून सुरुवात करावी. दोन्ही सदोष असतील आणि आजार कर्करोगाचा नसेल, तर हे औषधच टाळून दुसरे पाहावे, असे ती तत्त्वे सांगतात.

माझी गोळी सुरू झाली ती त्यानंतर चार वर्षांनी. घरी आल्यावर मी माझ्या पहिल्या डॉक्टरांना भेटायला गेले. भांडायला नव्हे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि सहा वर्षे त्यांनीच मला सांभाळले होते. आधी चाचणी का केली नाही, एवढेच विचारले. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि सरळ सांगितले, "आम्ही शिकलो ते टीपीएमटी, आणि आपल्याकडे तो दोष फारसा सापडत नाही म्हणून रक्ताच्या मोजणीवर भागवायचे हीच रीत होती. हे दुसरे जनुक वाचले होते, पण रोजच्या कामात आणले नव्हते." एवढ्या वर्षांत इतक्या मोकळेपणाने बोललेला डॉक्टर मला दुसरा भेटलेला नाही. आता ते हे औषध लिहिण्याआधी चाचणी सांगतात, हे मला त्यांच्याच दुसऱ्या एका रुग्णाकडून कळले.

पुण्याच्या रुग्णालयाने अहवाल समजावून सांगण्यासाठी जनुकीय समुपदेशकाची वेळ दिली होती. आईला बरोबर आणा, असे त्यांनी सुचवले. समुपदेशक पंचविशीतली मुलगी होती. तिने कोरा कागद घेतला आणि आमचा वंशवृक्ष काढायला सुरुवात केली: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ. आई-वडिलांच्या मध्ये रेघ काढताना तिने विचारले, "लग्न नात्यातले आहे का?" आई म्हणाली, "हो, मी यांच्या मामाची मुलगी." त्या मुलीने पहिल्या रेघेखाली आणखी एक समांतर रेघ ओढली. ती दुहेरी रेघ आईने पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मग समुपदेशक मुलीने वर जात माझी वडिलांकडची आजी आणि आईकडचे आजोबा यांना एकाच जोडप्याची मुले म्हणून जोडले. ते जोडपे म्हणजे माझे पणजोबा आणि पणजी. त्या दोघांपैकी एकाकडचा हा बदल आजीतून वडिलांकडे आणि आजोबांतून आईकडे उतरला असावा आणि माझ्यात दोन्ही वाटा एकत्र आल्या असाव्यात, असे ती पेन्सिलीची रेघ खाली आणत सांगत होती.

"म्हणजे हे आमच्यामुळे झाले?" आईने विचारले.

समुपदेशक मुलीने पेन्सिल खाली ठेवली. ती म्हणाली, "काकू, हा बदल आपल्याकडे इतका आढळतो की नात्याबाहेरच्या लग्नातही दोन्हीकडून येऊ शकतो. नात्यातल्या लग्नाने शक्यता वाढते, पण हा आजार नाही. यांनी ही एक गोळी घेतली नसती तर नव्वद वर्षांच्या होईपर्यंतही हे कळले नसते." आईचे समाधान लगेच झाले नाही. पण परतीच्या गाडीत तिने मला विचारले की पणजीकडून आले असेल की पणजोबांकडून, आणि मग साताऱ्यापर्यंत ती मला पणजीच्या गोष्टी सांगत राहिली.

त्याच भेटीत एक गोष्ट समजली जी मी तोवर लक्षातच घेतली नव्हती. माझ्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्यामुळे माझ्या मुलीकडे एक बदललेली प्रत असणारच; त्यासाठी तपासणीची गरज नाही. दुसरी प्रत तिला वडिलांकडून मिळाली आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला काही माहीत नाही. मुलगी निरोगी आहे, म्हणून आत्ता काही करायचे नाही. पण पुढे कधी या गटातले औषध लागले तर आधी चाचणी झालीच पाहिजे. मर्कॅप्टोप्युरीन हे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही महिनोन्महिने दिले जाते, हे समुपदेशक मुलीने फार हलक्या आवाजात सांगितले.

औषध आणि वंशाचे नाते ही काही नवी कल्पना नाही. मलेरियावरच्या प्रायमाक्विनने काही जणांच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामागे जी६पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता असते, हे १९५६ मध्येच दाखवले गेले होते, आणि आपल्याकडे पारशी समाजात ती कमतरता जास्त आढळते हे डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. 'फार्माकोजेनेटिक्स' हा शब्द जर्मनीच्या फ्रीडरिश फोगेल यांनी १९५९ मध्ये वापरला. इतक्या जुन्या ज्ञानाला कराडच्या दवाखान्यापर्यंत यायला एवढा काळ का लागला, याचे एक कारण मला असे वाटते की नकाशे इतरांच्या शरीरांचे होते. भारतीय जनुकसंचांची नोंद अलीकडची आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या इंडिजेन प्रकल्पाने २०१९ मध्ये हजारावर भारतीयांचे जनुकसंच वाचले. जीनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. या याद्यांमधून आपल्याकडच्या कोणत्या समाजात कोणते औषध जपून द्यावे हे जसजसे कळेल, तसतसे ते गोळीच्या पाकिटावर आणि डॉक्टरांच्या टेबलावरही यायला हवे.

अहवालाने माझा आजार बरा केला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याने फक्त एक दार कायमचे बंद केले. आतडे पुन्हा पेटलेलेच होते आणि स्टेरॉइड परत सुरू झाले होते. पुढे काय, यावर तीन भेटी झाल्या. इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शने दर दोन महिन्यांनी घेण्याचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. शेवटी टोफॅसिटिनिब या गोळ्यांवर एकमत झाले. त्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी, छातीचा एक्स-रे, काविळीच्या दोन तपासण्या आणि कोलेस्टेरॉल असे सगळे सोपस्कार झाले. पहिले आठ आठवडे दहा मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नंतर पाच मिलिग्रॅम. या वेळी मीच विचारले की या औषधासाठी कोणते जनुक तपासायचे. तसे एखादे निर्णायक जनुक या गोळीसाठी नाही, इथे वय, धूम्रपान, हृदयविकाराचा पूर्वेतिहास आणि रक्तातल्या गुठळ्या हेच पाहायचे, असे उत्तर मिळाले. उत्तर स्पष्ट होते म्हणून ते मला धीराचे वाटले. तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबले. २०२३ च्या मार्चमध्ये कोलनोस्कोपी झाली तेव्हा पडद्यावर आतड्याचे अस्तर गुलाबी आणि गुळगुळीत दिसत होते. सहा वर्षांत मी ते तसे पाहिले नव्हते. केसही आले, आधीपेक्षा थोडे कुरळे.

माझी हकिकत ऐकून एका चुलतभावाने घरातल्या सगळ्यांसाठी 'शंभर औषधांचा जनुकीय अहवाल' देणारे महागडे पॅकेज घ्यायचे ठरवले होते. मी त्याला थांबवले. माझ्या वडिलांना २०१९ मध्ये स्टेंट बसवल्यापासून क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध चालू आहे. ते औषध शरीरात कार्यक्षम व्हायला सीवायपी२सी१९ हे जनुक लागते आणि आपल्याकडे साधारण निम्म्या लोकांत त्याची क्षमता कमी असते, हे खरे आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये या औषधावर तसा ठळक इशाराही छापायला लावला. पण हृदयरोगतज्ज्ञांचे म्हणणे पडले की चाचणीचा खरा उपयोग स्टेंट बसवताना, पर्यायी औषध निवडायचे असते तेव्हा असतो. इतकी वर्षे सुरळीत गेल्यावर केवळ कुतूहलापोटी ती करू नये. मला हे पटते. औषध ठरले, त्याचे जनुक माहीत आहे, आणि उत्तर आल्यावर डोस किंवा औषध बदलणार आहे, अशा वेळी चाचणी करावी आणि ती पहिल्या गोळीच्या आधी करावी. आणि एनयूडीटी१५ चा अहवाल सर्वसाधारण आला तरी सीबीसी चुकवू नये, कारण पेशी घटण्याची सगळीच कारणे या दोन जनुकांत नाहीत.

समुपदेशकाने दिलेल्या कागदावर एक वाक्य होते: जवळच्या नातेवाइकांना कळवावे. मी ते मनावर घेतले. एका पानाचे पत्र मराठीत लिहिले, त्यात औषधांची ॲझाथायोप्रिन आणि मर्कॅप्टोप्युरीन ही दोन नावे ठळक केली, आणि आईकडच्या व वडिलांकडच्या सगळ्या घरांना पाठवले. बहुतेकांनी "काळजी घे" एवढेच उत्तर दिले, आणि त्यात गैर काही नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर वाळवा तालुक्यातल्या माझ्या मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, त्या कागदावरच्या आजोबांचा मुलगा. त्याला गाजरगवताची ॲलर्जी आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले हे गवत आता प्रत्येक बांधावर आहे, आणि शेतात काम करणाऱ्याला ते चुकवता येत नाही. मामाच्या मानेची आणि पापण्यांची कातडी जाड, काळपट होऊन फुटली होती. रात्री झोप नव्हती. या त्वचारोगावर ॲझाथायोप्रिन वापरण्याचे बरेच काम दिल्लीच्या एम्समध्ये झालेले आहे आणि आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञही ते देतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. मामा म्हणाला, "अगं, डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय. औषधाचं नाव तुझ्या पत्रातल्यासारखं दिसतंय म्हणून फोन केला. दुकानातून आणलीय, अजून घेतली नाही."

मी त्याला चिठ्ठीचा फोटो पाठवायला सांगितला. नाव तेच होते, पन्नास मिलिग्रॅम, सकाळी एक. मी माझा अहवाल आणि वंशवृक्षाचा कागद पाठवला, आणि मामा ते दोन्ही छापून डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी गोळी थांबवून चाचणी सांगितली. आठ दिवसांनी निकाल आला: टीपीएमटी सर्वसाधारण, एनयूडीटी१५ ची एक प्रत बदललेली. डॉक्टरांनी औषध बंद केले नाही, कारण त्याला त्याची गरज होती. अर्ध्या गोळीने, पंचवीस मिलिग्रॅमने सुरुवात केली आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला सीबीसी ठरवून दिली. दर सोमवारी इस्लामपूरच्या लॅबमधून निघाला की मामा मला आकडा कळवायचा. पहिल्या आठवड्यात पांढऱ्या पेशी ७,२००. दुसऱ्या आठवड्यात ६,४००. तिसऱ्या आठवड्यात, ज्या दिवसांत माझे केस गळायला लागले होते, त्या सोमवारी मी दुपारपर्यंत ग्रंथालयात कोणत्याच कामात लक्ष घालू शकले नाही. अडीच वाजता मेसेज आला: ५,१००. खाली मामाने लिहिले होते, "मानेची खाज कमी आहे. केस जागेवर आहेत. पुढच्या सोमवारी परत देतो."